गवत-झुडपं काढायला ट्रॅक्टर लावताय? आधी त्याचे टायर बघा

दिवाळीच्या आसपास मावळात दोन कामं एकदम अंगावर येतात. खाचरातला इंद्रायणी कापणीला आलेला असतो आणि माळावरचं गवत कमरेपर्यंत वाढून पिवळं पडायला लागलेलं असतं. भात कुणी सोडत नाही, पण गवत राहून जातं. मग फेब्रुवारीपासून वणव्याचे दिवस सुरू झाले की एखादी ठिणगी पुरते.

पूर्वी हे गवत विळ्याने कापलं जायचं आणि झुडपं कोयत्याने तोडली जायची. आता त्या कामाला माणसं मिळणं अवघड झालंय. म्हणून ट्रॅक्टरच्या मागे स्लॅशर लावला जातो. स्लॅशर म्हणजे ट्रॅक्टरच्या पीटीओवर जोरात फिरणारी आडवी पाती, वर लोखंडी झाकण. जमिनीपासून काही इंचांवर जे येईल ते ती तोडत जातात.

स्लॅशर घेताना लोक चार दुकानं फिरतात. ट्रॅक्टर किती एचपीचा हवा यावर तासभर चर्चा होते. टायरचा विषय मात्र पहिलं पंक्चर झाल्यावर निघतो. खरं तर उतारावर ट्रॅक्टर थांबेल की घसरेल, दिवसाचं काम दिवसात होईल की दुपारीच चाक खोलावं लागेल, हे बरंचसं टायरवर ठरतं.

मावळात अडचण नेमकी काय आहे?

लोणावळ्यात वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. तिथून पूर्वेला तळेगावकडे येताना तो झपाट्याने कमी होतो. पण पवन मावळ असो, नाणे मावळ असो की अंदर मावळ, शेताची रचना साधारण सारखीच दिसते. खाली ओढ्या-नदीच्या कडेला भाताची खाचरं, वर मुरमाड माळ आणि त्याच्यावर डोंगराचा उतार.

त्यामुळे एकाच ट्रॅक्टरला तीन वेगळी कामं करावी लागतात. जुलैमध्ये गुडघाभर चिखलात चिखलणी, नोव्हेंबरनंतर कोरड्या माळावर गवत-झुडपं आणि मधल्या काळात डांबरी रस्त्यावर ट्रॉली. चिखलात चांगला चालणारा टायर रस्त्यावर लवकर झिजतो. रस्त्यावर टिकणारा टायर चिखलात जागेवरच फिरतो. तिन्ही कामांना सारखाच उत्तम असा टायर नसतो.

टायरवरचे आर-१, आर-२, आर-३, आर-४ म्हणजे काय?

ट्रॅक्टरच्या मागच्या टायरवर रबराचे जाड, तिरके दांडे असतात. त्यांना लग म्हणतात. लग किती खोल आणि किती अंतरावर आहेत त्यावरून टायरचे प्रकार पडतात. हे आकडे अमेरिकेतल्या टायर-रिम संघटनेच्या पद्धतीतले आहेत, पण आपल्याकडेही तेच चालतात.

आर-१: आपल्याकडे बहुतेक ट्रॅक्टर याच टायरवर शोरूममधून बाहेर पडतात. नांगरणी, रोटाव्हेटर, ट्रॉली अशा सगळ्या कामांना चालेल असा हा मधला पर्याय.

आर-२: खास भातासाठी. याचे लग आर-१ च्या जवळपास दुप्पट खोल असतात. चिखलात उत्तम. पण कोरड्या माळावर वळताना हा टायर गवत मुळासकट उपटतो आणि रस्त्यावर फार लवकर झिजतो.

आर-३: लग जवळजवळ नाहीतच, वर चौकोनी नक्षी असते. रिसॉर्टचं लॉन, गोल्फचं मैदान अशा ठिकाणी हिरवळ खराब होऊ नये म्हणून हा वापरतात. ओल्या उतारावर याचा भरवसा धरू नये.

आर-४: जेसीबीच्या मागच्या चाकांना असतो तो. लग आर-१ पेक्षा उथळ पण रुंद, आणि टायरची बाजूची भिंत जाड. मुरूम, दगड, तोडलेली झुडपं यांच्यात हा टिकतो. चिखलात मात्र आर-१ च्या मागे पडतो.

झुडपांत टायर फाटतो तो कुठे?

नवीन माणसाला वाटतं, काटे टायरमध्ये घुसतात. बोर, बाभूळ, करवंद यांचे काटे घुसतात हे खरंच. पण जास्त नुकसान धसकटं करतात.

घाणेरी, रानमोडी किंवा वाळलेली कारवी स्लॅशरने तोडली की जमिनीत चार-सहा इंचांचा खुंट उरतो. पात्याने तो तिरका कापलेला असेल तर वरचं टोक भाल्यासारखं होतं. ज्वारीच्या धसकटावर अनवाणी चाललेल्यांना वेगळं सांगायला नको. टायरचा तळ जाड असतो, तो एक वेळ सोसतो. हा खुंट बाजूच्या पातळ भिंतीत घुसला तर तिथलं पंक्चर नीट निघेलच असं नाही. कधी कधी टायरच बदलावा लागतो.

म्हणूनच झुडपांच्या कामाला उलटं चालणं महागात पडतं. सरळ जाताना चाकं उभ्या झुडपावरून जातात, ते वाकतं आणि मागून स्लॅशर ते तोडतो. उलटं जाताना स्लॅशर आधी तोडतो आणि चाकं थेट ताज्या धसकटांवर चढतात. दाट जाळीत उलटं घुसावंच लागलं तर पुन्हा त्याच पट्ट्यावरून फेऱ्या मारू नका.

स्लॅशरची रुंदीही बघा. ती मागच्या दोन्ही चाकांच्या बाहेरच्या कडांपेक्षा थोडी जास्त हवी. अरुंद स्लॅशर असेल तर चाकाखाली दबलेलं झुडूप न कापता राहतं. मग ते काढायला पुन्हा फेरी मारावी लागते आणि तीही धसकटांवरूनच.

मग घ्यायचा कोणता?

आपलं वर्ष मोजा. ट्रॅक्टर चिखलात किती दिवस असतो, माळावर किती आणि रस्त्यावर किती, हे एका कागदावर लिहा. उत्तर बहुतेक वेळा तिथेच मिळतं.

भात हेच मुख्य काम आणि गवत वर्षातून आठ-दहा दिवस कापायचं असेल तर आर-१ च ठेवा. चिखलणीसाठी आर-२ घेण्यापेक्षा तेवढ्या दिवसांपुरती लोखंडी केजव्हील लावणं सोयीचं. काम संपलं की ती काढता येतात.

भाड्याने प्लॉट साफ करणं हाच धंदा असेल आणि ट्रॅक्टर वर्षातले अनेक महिने झुडपांतच असेल तर आर-४ चा विचार करा. ऑर्डर देण्याआधी तुमच्या रिमच्या मापात तो मिळतो का, हे दुकानदाराला विचारा. लहान ट्रॅक्टरच्या सगळ्या मापांत तो सहज मिळेल असं नाही.

फक्त बंगल्याभोवतीची हिरवळ कापायची असेल तरच आर-३.

फोर-व्हील ड्राइव्ह असेल तर आणखी एक गोष्ट. त्यात पुढच्या आणि मागच्या टायरच्या घेराचं प्रमाण कंपनीने गिअरप्रमाणे ठरवलेलं असतं. फक्त मागचे टायर वेगळ्या मापाचे टाकले तर पुढची आणि मागची चाकं एकमेकांना ओढत राहतात. टायर लवकर झिजतात आणि गिअरवर ताण येतो.

टायरवरचे आकडे कसे वाचायचे?

समजा टायरवर १३.६-२८ लिहिलंय. टायरची रुंदी १३.६ इंच आणि रिमचा व्यास २८ इंच, असा त्याचा अर्थ. मधली रेघ म्हणजे टायर साध्या, म्हणजे बायस बांधणीचा आहे. रेघेच्या जागी इंग्रजी आर असेल तर तो रेडियल. ३४०/८५ आर २८ असं लिहिलेला टायर याच मापाचा रेडियल भाऊ आहे: रुंदी ३४० मिलिमीटर आणि टायरची उंची त्या रुंदीच्या ८५ टक्के.

रेडियलचा तळ जमिनीवर जास्त पसरतो, त्यामुळे माती कमी दबते. पण त्याची बाजूची भिंत लवचिक असते. धसकटांच्या रानात साधा, जास्त प्लायचा बायस टायर वाईट नाही आणि स्वस्तही पडतो. प्लाय रेटिंग म्हणजे टायरच्या ताकदीचा आकडा. झुडपांच्या कामाला तुमच्या मापात मिळेल तेवढा जास्त घ्या.

चार आकडी तारीखही बघा. ३५२४ म्हणजे २०२४ सालच्या ३५व्या आठवड्यात बनलेला टायर. दुकानात वर्षानुवर्षं पडून राहिलेलं रबर नवीन दिसलं तरी कडक झालेलं असू शकतं.

किमतीबद्दल एक चांगली बातमी आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरच्या टायर-ट्यूबवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. बिल पक्कं घ्या आणि त्यावरचा दर वाचा.

हवा आणि पाणी: फुकटातला फरक

नवीन टायर न घेताही बरंच काही सुधारता येतं.

शेतात मागच्या चाकात हवा कमी ठेवतात, साधारण १२ ते १६ पीएसआय. हवा कमी असली की टायर पसरतो, पकड वाढते. पण कमी हवेत टायरची भिंत बाहेर फुगते आणि नेमकी धसकटांच्या वाटेत येते. उतारावर तोच फुगवटा ट्रॅक्टरला डोलवतो. त्यामुळे गवताच्या सपाट माळावर हवा खालच्या बाजूला आणि झुडपांत किंवा उतारावर वरच्या बाजूला ठेवा. नेमका आकडा ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत दिलेला असतो. पंप मारताना अंदाजाने अंगठा दाबून बघू नका, गेज लावा.

टायरमध्ये पाणी भरण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. व्हॉल्व्ह वरच्या बाजूला आणून त्याच्या पातळीपर्यंत, म्हणजे साधारण पाऊण टायर पाणी भरतात. १३.६-२८ मापाच्या एका चाकात त्यामुळे दीडशे किलोच्या वर वजन वाढतं, आणि ते खाली राहत असल्याने उतारावर ट्रॅक्टर स्थिर वाटतो. थंड देशांत पाणी गोठू नये म्हणून त्यात रसायन मिसळतात, मावळात त्याची गरज नाही.

पण पाणी भरलेलं चाक झुडपांत पंक्चर झालं तर माळावर ते खोलणं म्हणजे शिक्षाच. शिवाय चिखलणीला ते वजन उलट नडतं. म्हणून काटेरी रानात पाण्याऐवजी चाकाला बोल्टने लागणारी बिडाची वजनं बरी. काम झालं की काढून ठेवता येतात.

उतारावर मात्र टायरवर विसंबू नका

चांगल्या टायरचा एक तोटाही आहे. तो चालवणाऱ्याला धीर देतो. जिथे झिजलेला टायर घसरून आधीच इशारा देतो, तिथे नवा टायर पकड धरून ट्रॅक्टरला आणखी वर नेतो. टायर जमीन धरून ठेवतो, पण ट्रॅक्टरचा तोल सांभाळत नाही. वाळलेलं गवत जमिनीवर आडवं पडलं की तेही पेंढ्यासारखं निसरडं होतं. लग गवतावरच बसतात, खालच्या मातीपर्यंत पोचत नाहीत.

१५ अंशांपेक्षा जास्त उतारावर ट्रॅक्टरने गवत कापू नये, असा एक साधारण संकेत आहे. १५ अंश म्हणजे शंभर फूट आडवं जाताना सुमारे २७ फूट चढ. ऐकायला कमी वाटतं, पण डोंगरपायथ्याचे अनेक प्लॉट याहून उभे आहेत.

उतारावर आडवं चालवण्यापेक्षा वर-खाली चालवा. स्लॅशर मागे उचललेला असताना सरळ चढ चढू नका. पुढची चाकं हलकी होतात, स्टेअरिंग काम करेनासं होतं, आणि ट्रॅक्टर मागे उलटण्याचा धोका वाढतो. अशा ठिकाणी वर जाताना रिव्हर्सने जावं लागतं. झुडपांत रिव्हर्स का टाळायचा ते वर पाहिलंच. म्हणजेच उभा उतार आणि दाट झुडूप एकत्र आलं की ते काम ट्रॅक्टरचं नाही. ते कोयत्याचं किंवा खांद्यावरच्या ब्रशकटरचं आहे.

मागच्या चाकांमधलं अंतर वाढवता आलं तर वाढवा. बऱ्याच ट्रॅक्टरमध्ये रिम उलटी बसवून ते होतं. तसं केल्यावर टायरच्या भिंतीवरचा बाण पुढे जाण्याच्या दिशेनेच आहे ना हे तपासा, आणि स्लॅशरची रुंदी अजून पुरते ना तेही.

ट्रॅक्टर तुमचा नसेल तर?

मावळात प्लॉट असलेले अनेक जण ट्रॅक्टर भाड्याने बोलावतात. तासाचा दर ठरवण्याआधी पाच मिनिटं काढा. मागच्या टायरचे लग किती उरलेत ते बघा. टायर गोटा झाला असेल तर उताराचं काम देऊ नका. जुन्या कुंपणाची तार, फुटलेल्या बाटल्या, गवतात लपलेले दगड आधी वेचून घ्या. ते टायर फाडतात आणि स्लॅशरच्या पात्याला लागले तर गोळीसारखे उडतात. काम चालू असताना मुलांना आणि बघ्यांना लांब ठेवा.

गवत गुरांसाठी हवं असेल तर तेही आधी सांगा. स्लॅशर गवताचे तुकडे करतो, त्याच्या पेंढ्या बांधता येत नाहीत.

आणि जमीन वाळेपर्यंत थांबा. ओल्या उतारावर चाकांनी पाडलेल्या चाकोऱ्यांतून पुढच्या जूनमध्ये पाणी धावतं. लोणावळ्याच्या पावसात अशा चाकोरीची घळ व्हायला फार पावसाळे लागत नाहीत. आठ दिवस उशिरा कापलेलं गवत काही बिघडवत नाही. वाहून गेलेली माती मात्र परत येत नाही.