प्रार्थनेत शंका कुठे जाते?

समजा, तुम्ही प्रार्थनासभेत बसलाय. पुढे कुणीतरी प्रार्थना म्हणतंय आणि तुमचे डोळे भरून आलेत. हे शब्दांमुळे, की ते कोण म्हणतंय यामुळे?

डेन्मार्कच्या आरहूस विद्यापीठातल्या उफे श्योट आणि सहकाऱ्यांनी हेच तपासलं (२०११). भाविक ख्रिस्ती आणि धर्म न मानणारे, अशा दोन्ही गटांना एफएमआरआय यंत्रात ध्वनिमुद्रित प्रार्थना ऐकवल्या. आधी सांगितलं: हा बिगर-ख्रिस्ती, हा साधा ख्रिस्ती आणि हा प्रार्थनेने आजार बरे करणारा. गंमत म्हणजे सगळे साधे ख्रिस्तीच होते!

'आजार बरे करणारा' बोलताना भाविकांच्या मेंदूतला कपाळामागचा भाग मंदावला. पारखणं, चूक पकडणं यांत या भागाचा मोठा वाटा असतो. ज्यांच्यात तो जास्त मंदावला, त्यांना देवाचं सान्निध्यही जास्त जाणवलं होतं.

म्हणजे भक्ती खोटी? नाही हो. देव आहे की नाही, हे यंत्राला कळत नाही. स्कॅनमध्ये 'शंका'सुद्धा थेट दिसत नाही. मंदावण्याचा तसा अर्थ संशोधकांनी लावलाय. मला खुपतं ते वेगळंच: पारख बाजूला ठेवली गेली ती एका लेबलवर, आणि लेबल चुकीचं होतं. नावाजलेल्या प्राध्यापकांच्या व्याख्यानात माझंही असंच होतं. प्रश्न सुचतात ते दुसऱ्या दिवशी, वही उघडल्यावर.

बायबलमध्ये, प्रेषितांची कृत्ये, अध्याय १७ मध्ये बिरुयाचे लोक भेटतात. ते पौलाचं बोलणं मोठ्या उत्सुकतेने ऐकतात, आणि तो म्हणतो ते खरं का, हे रोज शास्त्र उघडून बघतात.