मैत्रीण, जयपूर आणि दोन घेवर

जयपुरात मैत्रिणीसोबत एकच दिवस मिळालाय? मग हवामहल येता-जाता बघा, आधी पोटाकडे लक्ष द्या!

सुरुवात एम. आय. रोडवरच्या १९४४ पासूनच्या लस्सीवाल्याकडे करा. सकाळीच जा, लस्सी संपली की दुकान बंद. शेजारीही जवळपास त्याच नावाची दुकानं आहेत, म्हणून पाटी नीट वाचा. कुल्हडावरची जाड साय खाल्ली की नाश्त्याची गरजच उरत नाही.

दुपारी याच रस्त्यावरचं १९४९ सालचं निरोज. लाल मांस आणि चायनीज एकाच मेन्यूत, त्यामुळे मी आणि माझी शाकाहारी मैत्रीण दोघीही खूश. तिने नूडल्स घेतल्या. बाय द वे, हक्का नूडल्समधला ‘हक्का’ म्हणजे कोलकात्यात स्थायिक झालेला चिनी समाज, बरं का!

सांगानेरी गेटमधून आत शिरलात की जोहरी बाजार. तिथल्या एलएमबीमध्ये घेवर खा. मैद्याचं पातळ पीठ कढत तुपात धारेने सोडतात, म्हणून त्याला ती जाळी पडते. तिकडचा श्रावण आपल्यापेक्षा पंधरा दिवस आधी लागतो आणि तेव्हापासूनच घेवराची गर्दी सुरू होते.

‘एकच घेऊ, दोघींत,’ मी म्हटलं.

‘दोन सांग,’ ती म्हणाली. ‘पुढच्या तीजेला मी बंगळुरूत असेन.’