नवे पिल्लू आणि जुने राखणदार

(द्वितीय वर्ष, कला)

कुत्रा आपल्या शेतकरी घरांना नवा नाही. खंडोबाजवळ तो असतो, दत्तगुरूंच्या पायाशी तर चार असतात. तरीही वाटेवर सापडलेले पिल्लू घरी न्यावयाचे म्हटले की आपण दोनपैकी एक गोष्ट करतो. एक तर 'नको ती ब्याद' म्हणून पुढे जातो, नाही तर दया येऊन ते सरळ घरच्या कुत्र्यांपुढे नेऊन ठेवतो. या दोहोंहून वेगळा असा तिसरा मार्ग आहे. तो सांगणे हा या लेखाचा हेतू.

आमच्या वस्तीवर मोती आणि वाघ्या असे दोन राखणदार. गेल्या पावसाळ्यात रस्त्याखालच्या नळीत अडकलेले दीडएक महिन्याचे पिल्लू धाकट्या भावाने उचलून आणले. आई म्हणाली, "ह्याच्यापायी माझी दोन धडधाकट कुत्री आजारी पडली, तर मळा कोण राखणार?" आई शाळेत गेलेली नाही; पण पशुवैद्यांनीही पहिली शंका हीच काढली.

शंकेचे मोठे कारण म्हणजे पार्व्हो. हा विषाणूजन्य रोग १९७८ च्या सुमारास जगभर पसरला. पिल्लू मलूल होते, खाणे सोडते, उलट्या आणि रक्ताची हगवण सुरू होते. विषाणू विष्ठेवाटे मातीत पडतो व तेथे कित्येक महिने टिकतो. संसर्गानंतर लक्षणे दिसण्यास साधारणतः आठवडा, क्वचित दोन आठवडे लागतात. म्हणून नव्या पिल्लाला निदान दोन आठवडे वेगळे ठेवावे. भांडे वेगळे असावे, विष्ठा लगेच उचलावी, हात साबणाने धुवावेत. जंतांचे औषध द्यावे, गोचिड्या काढाव्यात. पार्व्हो व डिस्टेंपरची लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून सुरू होते. ती तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांपर्यंत देतात. रेबीजची लस तीन महिन्यांच्या सुमारास. घरच्या कुत्र्यांच्या लसी मात्र आधीच पुऱ्या हव्यात. पिल्लाचा दात लागला, तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लगेच डॉक्टरांकडे जावे. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस बहुधा वाचत नाही.

परंतु वेगळे ठेवणे म्हणजे एकटे टाकणे नव्हे. स्कॉट आणि फुलर या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९६५ साली कुत्र्यांच्या वर्तनावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. पिल्लू साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यांत माणसांशी व इतर कुत्र्यांशी नाते जोडण्यास शिकते, असे त्यांच्या संशोधनातून दिसले. तेव्हा या दिवसांत माणसांचा सहवास आणि घरातले आवाज त्याला मिळालेच पाहिजेत.

ओळखीची सुरुवात डोळ्यांनी नव्हे, नाकाने करावी. पिल्लाच्या अंगाखालचे गोणपाट मोठ्यांपासून दूर ठेवावे लागले, कारण रोगही त्यातूनच जातो. मोठ्यांची गोणपाटे मात्र पिल्लाकडे टाकली. दोन आठवडे निर्धोक गेल्यावर कोंबड्या झाकायच्या डालग्याखाली पिल्लाला बसवले. मोठ्यांनी बाहेरून हुंगले. मग समोरासमोर भेट; तीही अंगणात नव्हे, कारण अंगण हे त्यांचे राज्य! बांधावर, एका वेळी एकच कुत्रा, दोर सैल धरून, भेट थोडकीच.

कुत्र्याचे अंग सैल असेल, पुढचे पाय टेकून मागचा भाग वर करील, तर तो खेळायला बोलावतो आहे. अंग ताठ, नजर रोखलेली, हालचाल थांबलेली असेल, तर शांतपणे दूर न्यावे. मोठा कुत्रा गुरगुरला म्हणून त्याला मारू नये. गुरगुरणे ही सूचना आहे; ती मारून बंद केली, तर पुढच्या वेळी तो न सांगता चावेल.

भांडणाचे खरे मूळ बहुधा भाकरीत असते. पोरके पिल्लू उपाशी राहिलेले असते, ते दुसऱ्याच्या थाळीत तोंड घालते. म्हणून आई आता तीन थाळ्या तीन कोपऱ्यांत ठेवते आणि खाणे संपेपर्यंत मध्ये उभी राहते. मोतीची ओसरीवरची जागाही तिने कोणाला दिलेली नाही. नव्याला जागा द्यावयाची ती जुन्याची काढून घेऊन नव्हे, एवढे सांभाळले की बाकीचे कुत्री आपापसांत ठरवतात.