ट्रॅक्टरचा विमा आणि कोर्टाचं समन्स



समजा, तुमच्या ट्रॅक्टरची धडक एखाद्या सायकलस्वाराला बसली. काही महिन्यांनी बेलिफ समन्स घेऊन दारात येतो. जखमी माणसानं मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात तुमच्यावर, ड्रायव्हरवर आणि विमा कंपनीवर दावा लावलेला असतो. आपण म्हणतो, "विमा उतरवलाय, कंपनी बघून घेईल." आणि कागद जातो फडताळात. घोटाळा इथंच होतो.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यानं तिऱ्हाइताचा विमा सक्तीचा आहे. दावा आला की कंपनी आपला वकील देते आणि कोर्टात आलेला एकेक कागद तपासून घेते. फिर्याद केव्हा नोंदली? पंचनाम्यात तुमच्याच ट्रॅक्टरचा नंबर आहे का? दवाखान्याचे कागद अपघाताच्या तारखेशी जुळतात का? वयाचा आणि मिळकतीचा दाखला खरा आहे का? दुसऱ्याच गाडीचा अपघात तुमच्या माथी मारला असेल, तर तो या तपासणीत उघडा पडू शकतो. हा तुमचा फायदा.

पण हीच नजर तुमच्या कागदांवरही फिरते, हे विसरू नका. ड्रायव्हरचा परवाना ज्या आरटीओ कचेरीनं दिला, तिथून कंपनी खातरजमा करते. परवाना खोटा किंवा मुदत संपलेला निघाला, ट्रॅक्टर शेतीचा म्हणून विमा काढून भाड्यानं विटा-वाळू वाहत होता, असं दिसलं, की कंपनी विम्याच्या अटी मोडल्याचा मुद्दा घेते. मग न्यायाधिकरण कंपनीला सांगू शकतं, की जखमीला आधी पैसे द्या, मागाहून मालकाकडून वसूल करा. ट्रॉलीत बसवून नेलेल्या वऱ्हाडी मंडळींची भरपाई तर बहुधा मालकाच्याच अंगावर येते. म्हणून ध्यानात धरा: कंपनीचा वकील सगळ्याच बाबतीत तुमचा वकील नसतो.

मालकानं नेमताना परवाना पाहिला होता का, वाजवी काळजी घेतली होती का, याला मोठं महत्त्व आहे. २००४ साली सर्वोच्च न्यायालयानं स्वर्णसिंग खटल्यात सांगितलं, की परवाना खोटा होता एवढ्यावरच कंपनी सुटत नाही. मालकानं हयगय केली, हे तिनं शाबीत केलं पाहिजे.

तेव्हा एवढं करा:

१. अपघात होताच पोलिसांत आणि विमा कंपनीत लेखी कळवा.

२. समन्स आलं, की त्याची नक्कल विनाविलंब कंपनीला द्या आणि पोच घ्या. नुसतं तोंडी सांगणं उपयोगाचं नाही.

३. पॉलिसी, आरसी बुक, ड्रायव्हरचा परवाना यांच्या नकला द्या. अस्सल कागद आपल्यापाशी ठेवा.

४. कंपनीच्या लेखी संमतीवाचून परस्पर तडजोड करू नका, कबुली लिहून देऊ नका. जखमीला दवाखान्यात जरूर न्या. ती माणुसकी आहे.

५. तारखेला हजर राहा. गैरहजर राहिलात, तर एकतर्फी निकाल लागू शकतो. अटी मोडल्याचा मुद्दा निघाला, तर स्वतःचा वकील द्या. ऐपत नसेल, तर तालुका विधी सेवा समितीकडे चौकशी करा.

आणि एक काम आजच करा. ड्रायव्हरचा परवाना मागून घ्या, मुदत पाहा, नक्कल काढून पॉलिसीसोबत ठेवा. पेरणीआधी बियाणं पारखता ना? तसंच हे.