सणांचा भार आणि मनाचे स्वास्थ्य

श्रावण लागला की महाराष्ट्रातील घरांत जी लगबग सुरू होते, ती कार्तिकात तुळशीचे लग्न लागेपर्यंत थांबत नाही. नागपंचमी, मंगळागौर, गोकुळाष्टमी, पोळा, हरितालिका, गणपती, गौरी, पितृपंधरवडा, नवरात्र, दसरा, कोजागरी आणि दिवाळी असे एकामागून एक येणारे हे दिवस दुरावलेली माणसे एका पंगतीला बसवितात आणि लहानांच्या मनावर आयुष्यभर पुरणारे संस्कार करतात, ह्याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. परंतु ह्याच दिवसांत कित्येक घरांत शब्दाला शब्द लागून वाद विकोपाला जातात, कित्येकांची झोप उडते, कोणाची छाती धडधडते, कोणाला विनाकारण रडू कोसळते; आणि सणासुदीला असे काही बोलू नये ह्या संकोचापायी ती सारी कैफियत मनातल्या मनातच राहून जाते. ह्या न बोलल्या जाणाऱ्या गोष्टीचा एकदा शांतपणे विचार व्हावयास हवा.

आनंदाच्या प्रसंगी मनावर ताण यावा, हे अनेकांना विपरीत वाटते. मनोवैद्यकाला मात्र त्यात नवल वाटत नाही. टॉमस होम्स आणि रिचर्ड राहे ह्या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी १९६७ साली आयुष्यातील ४३ घटनांची एक यादी प्रसिद्ध केली आणि प्रत्येक घटनेनंतर आयुष्याची घडी पुन्हा बसविण्यास माणसाला किती सायास पडतात, त्या मानाने तिला गुण दिले. पती किंवा पत्नीच्या निधनाला १००, विवाहासारख्या मंगल घटनेला ५०, आणि यादीच्या तळाशी सुट्टीला १३ व नाताळला १२ गुण दिलेले आहेत. सुखाचा असो की दुःखाचा, नित्यक्रम मोडणारा प्रत्येक प्रसंग शरीर-मनाकडून काही वसूल करतोच, हा त्या यादीचा इत्यर्थ. हान्स सेल्ये ह्या शरीरशास्त्रज्ञाने तर १९३६ सालीच दाखवून दिले होते की, कारण कोणतेही असले तरी दीर्घकालीन ताणाला शरीर ठराविक क्रमानेच उत्तर देते: आधी ते सावध होते, मग नेटाने प्रतिकार करते आणि अखेरीस थकून जाते. अ‍ॅड्रिनलिनमुळे नाडी जलद होते, कॉर्टिसॉलमुळे रक्तातील साखर वाढते. संकट टळेपर्यंत ही सज्जता उपकारक असते, पण आठवडेच्या आठवडे ती टिकून राहिली की झोप, पचन, रक्तदाब आणि स्वभाव, सर्वांवरच तिचा परिणाम दिसू लागतो.

हा भार घरातील सर्वांवर सारखा पडत नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. अनारशांचेच उदाहरण घेऊ. तांदूळ तीन दिवस भिजत घालावयाचे, रोज पाणी बदलावयाचे, मग ते सावलीत निथळून, कुटून, चाळून त्यात गूळ मळावयाचा, पीठ मुरू द्यावयाचे आणि शेवटी खसखशीवर थापलेला अनारसा मंद तुपात सोडावयाचा. एवढे करूनही पीठ जरा सैल झाले की अनारसा कढईत हसतो आणि पाहता पाहता विरघळून जातो. अशा वेळी भरल्या घरात एखाद्या गृहिणीच्या डोळ्यांत पाणी येते, तेव्हा एवढ्याशा गोष्टीचे काय घेऊन बसलीस, असे तिला म्हणणारे पुष्कळ भेटतात. परंतु ते अश्रू एका अनारशाचे नसून नोकरी सांभाळून, जाळीजळमटे काढून, भांडी घासून, चकलीची भाजणी दळून, पाहुण्यांच्या अंथरुणांची तजवीज करून झालेल्या शिणाचे असतात. हरितालिकेला निर्जळी उपवास आणि त्याच दिवशी उद्याच्या गणपतीची सारी तयारी, पुढे गौरीपूजनाला पुरणपोळी आणि सोळा भाज्या, असा शिरस्ता ज्या घरांत बिनतक्रार चालत आला आहे, तेथे ती तक्रार कधी कोणी विचारलीच नाही, असे म्हणणेच अधिक न्याय्य ठरेल.

दुसरा भार पैशाचा. १९६५ च्या बोनस कायद्याने पात्र कामगाराला वेतनाच्या किमान ८.३३ टक्के आणि कमाल २० टक्के बोनसचा हक्क दिला. परंतु कंत्राटी कामगार, शेतमजूर, छोटे दुकानदार, घरकाम करणाऱ्या स्त्रिया ह्यांपैकी बहुतेकांच्या हाती दिवाळीला असे काही निश्चित पडत नाही. मंडळाची वर्गणी, मुलांचे कपडे, भाऊबीजेची ओवाळणी, लेकीचा दिवाळसण ह्या साऱ्यांची तारीख मात्र पंचांगाने ठरवून ठेवलेली असते, तीत मुदतवाढ मिळत नाही. जावयाला काय दिले, व्याह्यांकडे काय पाठविले, लोक काय म्हणतील, ह्या धास्तीने काढलेले कर्ज सणानंतर हप्त्यांच्या रूपाने वर्षभर मानेवर बसते, आणि तगाद्याची चिंता हा ताणाचा सर्वांत चिवट प्रकार आहे.

तिसरा भार गोंगाटाचा आणि जागरणाचा. ध्वनिप्रदूषणाविषयीच्या २००० सालच्या नियमांनी निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ठरविली असून रात्री १० ते सकाळी ६ ह्या वेळेत ध्वनिक्षेपकाला मनाई केली आहे. सांस्कृतिक व धार्मिक उत्सवांसाठी राज्यशासनाला वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते. ह्या मर्यादांची पायमल्ली झाली म्हणजे वृद्ध, तान्ही मुले आणि रुग्ण ह्यांना प्रथम झळ लागते. झोप ही मनाच्या आरोग्याची पहिली अट आहे; ज्यांना उन्माद आणि नैराश्य ह्यांच्या आवर्तनांचा विकार आहे, त्यांच्या बाबतीत नवरात्रातील सलग जागरणे आजार उलटण्यास निमित्त होऊ शकतात. अशा व्यक्तींनी सणाच्या धांदलीत औषधाची एकही मात्रा चुकवू नये. आणि लिथियम घेणाऱ्यांनी निर्जळी उपवासापूर्वी डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा, कारण शरीरातील पाणी घटले की ह्या औषधाचे रक्तातील प्रमाण वाढून अपाय होण्याचा संभव असतो.

ह्या तिन्हींहून वेगळे आणि अधिक खोल दुःख असते ते ज्यांच्या घरातील माणूस ह्या वर्षी उरला नाही त्यांचे. दिवाळीच्या पहाटे उटणे लावावयास ज्याचा हात पुढे होत असे, तो हात नसल्याची जाणीव इतर कोणत्याही दिवसापेक्षा त्या पहाटे तीव्र होते. अशा घरी पहिल्या दिवाळीला फराळ केला जात नाही. नातलग आणि शेजारी आपल्या घरचे डबे घेऊन तेथे जातात, चार घटका बसतात, गेलेल्या माणसाविषयी बोलतात. शोकग्रस्ताला आनंदाची सक्ती न करता त्याला एकटेही पडू न देणारी ही रीत ज्यांनी घातली, त्यांना माणसाच्या मनाची फार बारीक पारख होती. शहरांतून फ्लॅटचे दरवाजे बंद होऊ लागले तशी ती मागे पडली, आणि ती पुन्हा रुजविण्यासारखी आहे. परगावी शिकणारी मुले, परदेशी स्थायिक झालेल्यांचे मागे राहिलेले आईवडील, सणाच्या दिवशीच कामावर असणारे पोलीस, परिचारिका आणि एसटीचे चालक-वाहक, ह्यांनाही तो डबा पोचला पाहिजे. ज्या समारंभांतून विधवांना आजही नकळत बाजूला सारले जाते, तेथे त्यांना मानाने पुढे बोलाविणे हे तर आपले उघड कर्तव्य आहे.

मग ह्यावर उपाय काय? सण सोडून द्यावेत, असे कोणी सुज्ञ म्हणणार नाही; आणि तसे करण्याची गरजही नाही, कारण आपल्या परंपरेने शक्तीप्रमाणे करण्याची मुभा आधीच दिलेली आहे. गणपती कोणाकडे दहा दिवस असतो, कोणाकडे सात, कोणाकडे पाच, तर कोणाकडे दीड. आणि दीड दिवसाच्या गणपतीची भक्ती दहा दिवसांच्या गणपतीहून उणी, असे कोणीही मानीत नाही. हाच न्याय फराळाच्या जिनसांना, पाहुण्यांच्या संख्येला आणि भेटवस्तूंच्या किमतीला लावण्यास हरकत कोणती? पाच जिनसांऐवजी दोन घरी करून बाकीच्या एखाद्या महिला बचत गटाकडून घेतल्या तर घराची अब्रू जात नाही, उलट आणखी एका घराची दिवाळी साजरी होते. खर्चाचा आकडा महिनाभर आधी कागदावर मांडून नवराबायकोने मिळून मंजूर करावा आणि त्यापलीकडे उधारी करू नये. नेहमीची झोप, नेहमीचे फिरणे आणि दिवसातील अर्धा तास स्वतःसाठी, ह्या तीन गोष्टी सणातही राखून ठेवाव्यात. मद्याचे व्यसन प्रयत्नपूर्वक सोडलेल्या माणसाला मैफलीत आग्रह करणे हा त्याच्यावर अन्याय आहे, हे यजमानांनी ध्यानात ठेवावे. सण सरला, मुले परतली, की मनाला जे रितेपण येते, ते बहुधा थोड्या दिवसांत ओसरते.

ते ओसरले नाही, उदासी, निद्रानाश, अन्नावरची वासना उडणे, कशातच गोडी न वाटणे ही लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक टिकली, किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर मात्र घरगुती समजुतीवर विसंबून न राहता डॉक्टरांकडे जावे. जगणे नकोसे झाले असेल तेव्हा तर एक दिवसही थांबू नये. केंद्र शासनाने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ ह्या क्रमांकावर अहोरात्र आणि विनामूल्य मदत मिळते, मराठीतूनही बोलता येते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असे उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क ठरविला आहे. हक्क बजावण्यात लाज कसली?

वाचकांना एकच विनंती आहे. पुढचा सण येण्यापूर्वी एका संध्याकाळी घरातील लहानथोर सर्वांनी एकत्र बसावे, करावयाच्या कामांची यादी करावी, प्रत्येक कामापुढे एकेकाचे नाव लिहावे. आणि आजवर ज्या व्यक्तीने ती सारी कामे एकटीने ओढली, तिला यादीतील कोणती कामे नकोत हे सर्वांआधी निवडण्याचा अधिकार द्यावा. जी कामे वाटून घ्यावयास कोणीच पुढे येणार नाही, ती त्या वर्षी खुशाल गाळावीत.