तापलेले इंजिन का रुसते?

मुलांनो, कोकणातील खाड्यांतून ये-जा करणाऱ्या लहान होड्या तुमच्यापैकी काहींनी पाहिल्या असतील. पूर्वी त्या वल्ह्यांनी नाहीतर शिडांनी चालत. आज त्यांपैकी पुष्कळांच्या मागील बाजूस एक लहानसे इंजिन बसवलेले असते. दोरीला हिसका द्यावा, इंजिन सुरू व्हावे आणि होडीने पाणी कापीत निघावे, अशी ही सोय आहे. परंतु पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनाचा एक स्वभाव चमत्कारिक असतो. सकाळी थंड असताना ते पहिल्या-दुसऱ्या हिसक्यास चालू होते. पण तासभर चालवून बंद केले आणि दहा मिनिटांनी पुन्हा सुरू करू गेले, तर कधी कधी ते मुळीच दाद देत नाही. असे का व्हावे?

या प्रश्नाचे उत्तर मला दाभोळच्या खाडीत मिळाले. वाशिष्ठी नदी तेथे समुद्राला मिळते. एका दुपारी आम्ही सात-आठ माणसे होडीने पलीकडे निघालो होतो. वाटेत ओळखीच्या एका मासेमाराशी बोलण्यासाठी नाखव्याने इंजिन बंद केले. बोलणे आटोपले; परंतु इंजिन काही केल्या सुरू होईना. नाखव्याचा पुतण्या घामाघूम होऊन हिसक्यामागून हिसके देत होता. ओहोटी लागली होती. होडी हळूहळू खाडीच्या मुखाकडे ओढली जाऊ लागली, आणि तेथे फुटणाऱ्या लाटा आम्हांला स्पष्ट दिसत होत्या.

नाखव्याने प्रथम इंजिनाला हातही लावला नाही. त्याने नांगर टाकला. दोर ताणला गेला आणि होडी स्थिर झाली. मग तो पुतण्याला म्हणाला, "आता थांब. होडी कुठं जात नाही. घाईनं ओढून इंजिन ऐकायचं नाही."

आता इंजिनाला काय हवे असते, ते पाहू. त्याला पेट्रोल हवे, हवा हवी आणि नेमक्या वेळी ठिणगी हवी. पेट्रोल आणि हवा यांचे प्रमाणही ठरलेले असते. वजनाने पाहिले तर 1 भाग पेट्रोलास सुमारे 15 भाग हवा लागते. थंड इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही. म्हणून सुरू करताना चोक नावाची झडप ओढून हवा कमी करतात. त्यामुळे पेट्रोल अधिक येते.

इंजिन चालू असते तेव्हा त्यातील पंप बाहेरचे पाणी ओढून त्याच्या अंगात फिरवतो आणि त्याला थंड ठेवतो. इंजिनाच्या बाजूने पाण्याची जी बारीक धार पडते, ती हा पंप काम करीत असल्याची खूण होय. इंजिन बंद केले की पंपही थांबतो. मात्र धातूत साठलेली उष्णता एकदम कोठे जाणार? ती पेट्रोलच्या नळीत आणि कार्ब्युरेटरमध्ये पसरते. पेट्रोलचे हलके घटक सुमारे 40 अंश सेल्सिअसलाच उकळू लागतात. त्यामुळे दोन प्रकार संभवतात. एक तर नळीत वाफेचे बुडबुडे होऊन पेट्रोलची वाट अडते; नाहीतर उकळलेले पेट्रोल उतू जाऊन इंजिनात अधिक शिरते. पहिली उपासमार, तर दुसरे अजीर्ण! कारण एकच, आजार मात्र परस्परविरुद्ध. म्हणून औषध देण्यापूर्वी परीक्षा केली पाहिजे.

नाखव्याने एका उतारूला हातातील विडी विझवून टाकावयास सांगितले, कारण पेट्रोलची वाफ चटकन पेट घेते. मग त्याने ठिणगी पाडणारा प्लग काढून पाहिला. प्लग ओला होता.

"चोक ओढला होतास?" त्याने विचारले.

"होय काका. सकाळी ओढला तेव्हा लगेच सुरू झालं होतं."

येथेच चूक झाली होती. गरम इंजिनात पेट्रोलची वाफ सहज होते. तेथे चोकची गरज नसते. आधीच अजीर्ण झालेल्याला आणखी जेवू घालावे, तसे ते झाले. नाखव्याने झाकण उघडे ठेवून काही वेळ वाफ जाऊ दिली, प्लग कोरडा करून बसवला, चोक आत ढकलला आणि अधिक हवा मिळावी म्हणून थ्रॉटल उघडला. चौथ्या हिसक्यास इंजिन धडधडू लागले.

प्लग कोरडा निघाला असता, तर उपचार निराळा झाला असता. मग झाकण उघडून इंजिन निवू द्यावे आणि नळीवरील रबरी फुगा घट्ट होईपर्यंत दाबून पेट्रोल पुढे ढकलावे. तापलेल्या धातूवर थंड पाणी मात्र ओतू नये. त्याला तडा जाण्याचा संभव असतो. पेट्रोल योग्य येत असूनही ठिणगीच पडत नसेल, तर कॉइलचा संशय घ्यावा. कॉइलमध्ये बारीक तारेचे वेढे असतात. त्यांत कोठे दोष असला, तर उष्णतेने तो उघडा पडतो आणि निवल्यावर पुन्हा झाकला जातो. असे इंजिन किनाऱ्यावर कारागिराला दाखवावे, तोवर ते निमूटपणे चालू लागते! म्हणून ते कधी बंद पडले, किती वेळाने चालू झाले, हे त्याला नीट सांगावे लागते.

पुतण्याला नियम पाठ होता. त्याचे कारण ठाऊक नव्हते. त्यामुळे सकाळचा नियम त्याने दुपारी लावला.

पलीकडच्या धक्क्यावर उतरत असताना त्याने विचारले, "काका, परत निघताना चोक ओढायचा का?"

नाखवा म्हणाला, "आधी इंजिन किती निवलंय ते बघ, मग तूच मला सांग."