ज्यांचे कान वाहतात त्यांचा डॉक्टर

ऑस्ट्रेलियात गोऱ्यांनी १७८८ साली वसाहत वसवली. त्या देशात पहिला मूलनिवासी शल्यचिकित्सक घडायला मात्र एकविसावे शतक उजाडावे लागले! वोरिमी समाजाच्या या सुपुत्राचे नाव डॉ. केल्विन काँग. आई परिचारिका, जुळ्या बहिणी दोघीही डॉक्टर. मूलनिवासींजवळ गुणवत्ता नसते म्हणणाऱ्यांना हे एकच घर पुरेसे उत्तर आहे.

डॉ. काँग कान-नाक-घशाचे तज्ज्ञ आहेत. याचे महत्त्व समजून घेतले पाहिजे. मूलनिवासी वस्त्यांत मुलांचे कान तान्हेपणापासून वाहतात, पडद्याला भोक पडते. दाटीवाटीची घरे, गरिबी आणि दूरचा दवाखाना ही त्याची कारणे. कान वाहण्याचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले की तातडीने उपाय करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. या श्रीमंत देशातील दुर्गम वस्त्या ती मर्यादा कधीच ओलांडून गेल्या आहेत.

आम्ही वकिली करतो, म्हणून पुढची साखळी आम्हाला अधिक टोचते. ऐकू न येणारे मूल वर्गात 'मठ्ठ' ठरते, शाळा सुटते. मोठेपणी पोलिसाचा हुकूम ऐकू आला नाही की ते 'उद्धट' ठरते. न्यायालयात प्रश्नच कळत नाही. गप्प राहिले तर ती लपवाछपवी वाटते. नॉर्दर्न टेरिटरीच्या तुरुंगांत तपासलेल्या मूलनिवासी कैद्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिकांची श्रवणशक्ती कमी आढळली. लोकसंख्येत सुमारे ४ टक्के असलेला हा समाज देशाच्या तुरुंगांत एक तृतीयांश आहे! सारा दोष कानाचा नाही, हे आम्ही जाणतो. पण वेळेवर झालेला उपचार किती मुलांना त्या वाटेवरून परत फिरवेल?

न्यूकॅसलला शस्त्रक्रिया करणारे डॉ. काँग दुर्गम वस्त्यांत जाऊनही मुले तपासतात. समाजाने स्वतःचे दवाखाने स्वतः चालवावेत, ही तिथली परंपरा १९७१ साली सिडनीच्या रेडफर्नमध्ये सुरू झाली. आपल्या माणसाच्या हाताला आई विश्वासाने मूल देते.

राष्ट्रीय नाइडॉक (NAIDOC) पुरस्कारांत २०२३ सालचा 'वर्षातील व्यक्ती' हा सन्मान डॉ. काँग यांना मिळाला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला मूलनिवासींना संसदेपुढे घटनात्मक आवाज देण्याचा प्रस्ताव सुमारे ६० टक्के मतदारांनी फेटाळला. एका व्यक्तीचा सत्कार करणे सोपे असते, समाजाचे ऐकणे अवघड. मग बहिरे कोण, ती मुले की व्यवस्था? शिकलेल्या प्रत्येकाने शिक्षण घेऊन वस्तीकडे वळावे, हाच या डॉक्टरच्या कामाचा सांगावा आहे.